वर्गाबाहेर काढलेली मुलं

"चल, वर्गाबाहेर हो." हे वाक्य मी वीस वर्षं वापरलं. अक्कलकोटातल्या एका हायस्कुलात भूगोल आणि विज्ञान शिकवतो. आठवी-नववीत दरवर्षी दोन-चार पोरं अशी असायचीच, की ज्यांचा एक पाय बाकाखाली आणि एक बाकाबाहेर. वही उघडली तर तारखेपलीकडे काही नाही. वाचायला उभं केलं की पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देणार. या गोष्टींना नावं आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे एकच नाव होतं, आगाऊपणा.

२०१३च्या पावसाळ्यात असंच एकाला व्हरांड्यात उभं केलं होतं. तास संपवून बाहेर आलो आणि म्हटलं, "काय करायलाय बे इथं?"

"बघायलोय सर."

"काय बघायलाय?"

त्यावर त्याने जे सांगितलं त्याला पाच मिनिटं लागली. दुधनीची एसटी आज वीस मिनिटं उशिरा गेली आणि तिचा आवाज वेगळा होता, म्हणजे रोजची गाडी डेपोत बसली असणार. समोरच्या लिंबावर कावळिणीने घरट्यात तार लावलीय. शिपाईमामा घंटा देताना रोज उजव्या हाताने देतात, आज डाव्याने दिली. "आणि सर, तुमच्या स्कुटरचं मागचं चाक रोज दुपारी बसतंय. पंक्चर नाही ते. व्हॉल्व्ह गळतोय." आठवडाभर मी पंक्चरवाल्याला बोल लावत होतो. व्हॉल्व्हच निघाला.

ज्या पोराला 'लक्ष नाही' म्हणून मी बाहेर काढलं होतं त्याचं लक्ष माझ्याहून दसपट होतं. फक्त ते माझ्या फळ्यावर नव्हतं. मग वाटलं, अशा पोरांना फळ्यापासून लांब नेऊन बघावं. मी कॉलेजला पुण्यात असताना चार वर्षं सह्याद्रीत हिंडलो होतो, दोराच्या गाठी शिकलो होतो, मुक्काम कसा टाकायचा ते कळत होतं. त्या नोव्हेंबरात अशी सात पोरं गोळा केली आणि कुरनूर धरणाच्या काठी एक रात्र काढून आलो. तेव्हापासून दर हिवाळ्यात जातो. आठ-दहा मुलं-मुली, सोबत चार मोठी माणसं, त्यांत एक बाई शिक्षिका असल्याशिवाय निघत नाही. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञही नाही. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

१. आधी डोंगर शोधायला जाऊ नका.

अक्कलकोट म्हणजे काळी रानं, मुरमाड माळ आणि बोरी नदी. 'साहस' म्हटलं की लोकांना कडे आणि धबधबे दिसतात, मलाही तेच दिसायचे. २०१५ला मी हट्टाने मुलांना राजगडावर नेलं. रात्रभराचा प्रवास, दोघांना उलट्या, एकाची चप्पल स्वारगेटला राहिली, आणि पायथ्याशी पोचलो तेव्हा सगळ्यांचा जीव कातावलेला. गड चढलो खरा, पण दिवसभर माझ्या तोंडून ओरडण्याशिवाय काही निघालं नाही. मग ते आणि वर्ग यांत फरक काय राहिला?

त्यानंतर नियम केला. एसटीने तीन तासांच्या पलीकडे जायचं नाही. आणि मग लक्षात आलं की तीन तासांत केवढं काय आहे. नळदुर्गाचा किल्ला, जिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरीवर बंधारा घालून त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. हत्तरसंग-कुडलचा भीमा-सीनेचा संगम. नान्नजचा माळढोकासाठी राखलेला माळ, जिथे आता माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट, पण काळवीट हमखास. येडशीजवळ रामलिंगचा घाट. दारात आहे तेच वापरणं ही काही माझी युक्ती नाही. कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने १९४१मध्ये वेल्समधल्या ॲबरडोवीला 'आउटवर्ड बाउंड' या साहस-शिक्षणाची पहिली शाळा काढली, ती मुळात तरुण खलाशांच्या कामाची म्हणून, एका जहाजमालकाच्या मदतीने. दारात समुद्र होता म्हणून समुद्र. आमच्या दारात बोरी आहे.

आमचा सगळ्यात चांगला कार्यक्रम म्हणजे नळदुर्गापासून कुरनूरपर्यंत बोरीच्या काठाकाठाने चालत येणं. दोन मुक्काम. ना कडा, ना दरी. पण डिसेंबरात शाळू कमरेच्या वर आलेला असतो, करडईचे काटे पायाला लागतात, बंधाऱ्यावरून एकेकाने पलीकडे जायचं असतं, आणि वाट विचारायला माणूस सापडेलच असं नाही. चौदा वर्षांच्या पोराला एवढं साहस पुरतं.

२. एका वेळी एकच गोष्ट सांगा.

पहिल्याच वर्षी सकाळी मी फर्मावलं, "अंथरुणं गुंडाळा, बाटल्या भरा, चुलीची राख विझवा आणि रांगेत या." वळून पाहिलं तर एक पोरगा एका हातात चादर घेऊन बाटलीच्या झाकणाकडे बघत उभा. त्याने चारही सूचना ऐकल्या होत्या. चारही सुरू केल्या होत्या. मी रागावणार, तोवर आमच्यासोबत आलेल्या शेतकरीमामांनी त्याच्या हातात बादली दिली आणि म्हणाले, "राखंवर पाणी टाक." टाकलं. "आता चादर." झाली. ते मामा चौथीपर्यंत शिकलेले, पण बैलाला आणि पोराला एका वेळी एकच सांगायचं असतं हे त्यांना माहीत होतं. मी बी.एड.ला 'सूचना स्पष्ट असाव्यात' हे पाठ केलं होतं, 'एक असावी' हे कुठे वाचल्याचं आठवत नाही.

रानात याचा दुसरा फायदा असा की कामाचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. राख विझली नाही तर धूर डोळ्यांत जातो. बाटली भरली नाही तर अकरा वाजता तहान लागते. वर्गात गृहपाठ केला नाही याचा परिणाम तिमाही परीक्षेत दिसणार, म्हणजे दोन महिन्यांनी. ज्याला पुढच्या दहा मिनिटांचा पत्ता नाही त्याला दोन महिन्यांनंतरच्या मार्कांची भीती घालून काय उपयोग? ही एक गोष्ट मी रानातून जशीच्या तशी वर्गात आणली. या मुलांना मी आता घरी करायचा दहा प्रश्नांचा अभ्यास देत नाही. समोर दोन देतो, लगेच तपासतो, मग पुढची दोन.

३. डावं-उजवं विसरा.

आमच्या गटात दरवेळी दोघं-तिघं अशी असतात की 'उजवीकडे वळ' म्हटलं की क्षणभर दोन्ही हातांकडे बघतात. नववीतल्या पोराला हे सगळ्यांसमोर करावं लागणं म्हणजे मरण. पण आमच्या गावाकडे रस्ता कुणी डाव्या-उजव्याने सांगतच नाही. उगवतीला वळा, मावळतीच्या बांधाने जा, नदीच्या अंगाने या. हीच भाषा आम्ही नकाशासाठी ठेवली. नदी आणि सूर्य कुठे आहेत हे कुणालाच अवघड जात नाही. शाळेत ज्या मुलीला भूगोलाच्या नकाशात महाराष्ट्र उलटा दिसायचा तिने दुसऱ्या दिवशी आम्हाला बिनचूक मुक्कामाला नेलं, आणि वाटेत मी सुचवलेला चुकीचा आडमार्ग तिने नाकारला. बरोबर तीच होती.

४. कठीण असतो तो रिकामा वेळ.

बुरूज चढताना कधीच भांडण होत नाही. भांडण होतं नळदुर्गच्या स्टँडवर, एसटीची वाट बघताना. जेवण झालंय आणि भांडी अजून घासायची नाहीत अशा अर्ध्या तासात. अंधार पडलाय पण झोप आलेली नाही तेव्हा. एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधल्या फटीत ही मुलं पडतात. शाळेतही तास बदलतानाच मारामारी होते, मी उगाच ती मुलांच्या स्वभावावर घालत आलो.

आता त्या फटीसाठी मी खिशात सुतळीचे तुकडे ठेवतो. आठाची गाठ डोळे मिटून किती सेकंदांत पडते? एसटी येईपर्यंत दोन फेऱ्या होतात. रात्रीसाठी पहारा आहे. तास-तास जागायचं, जोडीने, मोठ्या माणसासोबत. ज्यांना लवकर झोप येत नाही त्यांना पहिला पहारा. एरवी 'झोप रे आता' म्हणून ज्याला घरी रोज बोलणी बसतात त्याला इथे जागल्याबद्दल सकाळी चहाचा पहिला कप मिळतो.

५. पाण्यापाशी मुलाच्या शहाणपणावर विसंबू नका.

२०१४चा डिसेंबर. कुरनूरच्या फुगवट्याजवळ मुक्काम होता. मी तीनदा सांगितलं होतं, पाण्याजवळ जायचं नाही. तिन्ही वेळा सगळ्यांनी "हो सर" म्हटलं होतं. मी चुलीपाशी वळलो, तेवढ्यात एकाला काठावर लांब लाल पायांचा शेकाट्या दिसला आणि तो त्याच्यामागे गाळात उतरला. पाणी नव्हतं, गाळ होता. कमरेपर्यंत गेला. दोर फेकून, आडवं पाडून बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. त्याला खरचटलंही नाही. माझे हात मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत थरथरत होते.

त्याला विचारलं, "सांगितलं होतं ना?" तो म्हणाला, "आठवलं सर. पण आत गेल्यावर." खोटं बोलत नव्हता. काही मुलांचा ब्रेक उशिरा लागतो. पाय आधी पडतो, 'नको' मागून येतं. त्या मुलाला पुन्हा पुन्हा बजावून तो ब्रेक लवकर लागत नाही. तेव्हा मुलाला सुधारण्याआधी जागा सुधारायची. मुक्काम पाण्यापासून दूर, पाण्याच्या बाजूला दोर बांधून हद्द, जोड्या ठरलेल्या, आणि पाणी व मुलं यांच्या मध्ये कायम एक मोठा माणूस, ज्याला त्या वेळी दुसरं कुठलंही काम नाही. चहा करणं हेसुद्धा नाही.

२०१६च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजातली मुलं बुडाली. ती बातमी वाचताना मला तो गाळ दिसत होता. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि पुष्कळ शिक्षकांनी कुरकुर केली. मी नाही केली. पहिल्या वर्षी माझ्याकडे पालकांच्या सह्यांपलीकडे एक कागद नव्हता. आता रीतसर परवानगी, प्रथमोपचार, सर्पदंशावरची लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे याची आदल्या दिवशी केलेली खात्री, हे सगळं झाल्याशिवाय निघत नाही. घोणस आमच्या रानात काही दुर्मीळ नाही. आणि दोराने कडा उतरायचा असेल तर ते मी करत नाही, माझं शिक्षण त्याला जुनं झालं. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून साहसी उपक्रम चालवणाऱ्या संस्थांची नोंदणी होते. नोंदणी असलेल्यांनाच बोलावतो.

६. आधी विचारा, घरी कुठली भाषा बोलता?

हे आमच्या भागाचं दुखणं आहे, पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना ते सुचायला वेळ लागतो. अक्कलकोट तालुक्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात. पोरगं मराठी शाळेत येतं, पुस्तकातली मराठी ही त्याच्यासाठी गल्लीतल्या मराठीहूनही वेगळी. असं मूल अडखळत वाचतं तेव्हा ते भाषेमुळे की अक्षरं डोक्यात ठरत नाहीत म्हणून, हे ओळखणं सोपं नाही. मी दोन्ही बाजूंनी चुकलो आहे. एका मुलीला वर्षभर 'कानडी घरातली आहे, येईल हळूहळू' म्हणून सोडून दिलं. तिला खरोखरच वाचनाची अक्षमता होती. उलट एकाला मी मनातल्या मनात 'डिस्लेक्सिया' ठरवून टाकलं, आणि त्याच्या मावशीने दिलेलं कानडी पुस्तक तो मुक्कामात कंदिलाशेजारी घडाघडा वाचत बसला होता.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी केली आहे, तिच्यात मराठी आणि कानडी दोन्ही आहेत. पण ती पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी. आमच्याकडे येतात ती पाचवी कधीच मागे टाकून आलेली, दोन-तीन शाळा फिरलेली. चालताना मात्र भाषा आपोआप उघडी पडते. माळावर दोन दिवस सोबत चाललं की कोण कुठल्या भाषेत शिवी देतो, कुठल्या भाषेत मोजतो आणि ठेच लागल्यावर कुणाला हाक मारतो, सगळं कळतं. हे निदान नव्हे. पण तज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीत लिहायला उपयोगी पडतं.

७. एकदा आपणही त्यांच्या जागी उभं राहावं.

कुडलला संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक शिलालेख आहे, शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. २०१८ साली त्याला हजार वर्षं झाली म्हणून त्या डिसेंबरात आम्ही तिकडे गेलो. आधी मुलं ३५९ मुखांच्या शिवलिंगापाशी मोजत बसली. कुणाचे ३४० आले, कुणाचे ३७१, एकाचे तर दोन वेळा मोजून दोन वेगळे आकडे आले आणि त्याने लिंगावरच संशय घेतला.

मग लेखापाशी आलो. मजकूर काय आहे ते मी वाचून गेलो होतो. पण मुलांपुढे जरा रुबाब करावा म्हणून म्हटलं, "थांबा, अक्षर अक्षर लावून दाखवतो." मान वर करून उभा राहिलो. जुनी वळणं, झिजलेला दगड. एक अक्षर 'व' की 'च'? पुढचं 'छ' आहे हे माहीत होतं म्हणून दिसलं, नाहीतर दिसलंच नसतं. पाच मिनिटं गेली. मान दुखायला लागली. आणि माझ्या लक्षात आलं की मी वाचत नाहीये. पहिलं अक्षर धरून पुढचा शब्द ठोकून देतोय.

मागून आवाज आला, "सर, मघापासून तुम्ही एकाच अक्षरावर आहात." मघाशी सांगितली तीच मुलगी, वर्षभर मी 'येईल हळूहळू' म्हणून सोडलेली. सगळी हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय?

"बरं, लिहिलंय काय?" तिने विचारलं.

जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं वाक्य आहे ते. सांगितलं.

ती लेखाकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपण सगळेच हरलो की."

त्या रात्री मला झोप आली नाही. अंदाजाने वाचलेल्या शब्दांखाली वर्षानुवर्षं मी लाल शाईने ओढलेल्या रेघा आठवत होतो. अंदाज बांधणं हा आळस आहे असं मी धरून चाललो होतो. अक्षर हाती लागत नसेल तर अंदाजाशिवाय माणूस करेल काय? पाच मिनिटांत माझी मान दुखली. ती मुलगी दिवसाला सहा तास तसं उभी होती.

परतल्यावर मी प्रकट वाचनाची सक्ती बंद केली. कुणाला वर्गात मोठ्याने वाचायचं असेल तर हात वर करावा, एवढंच.

८. प्रत्येक मूल रानात चमकतं असं नाही.

'तारे जमीन पर' २००७ला आला. त्याने शिक्षकांचे डोळे उघडले हे खरं. पण त्याने एक पंचाईतही करून ठेवली. अजूनही पालक विचारतात, "सर, वाचता येत नाही म्हणजे याला दुसरं काहीतरी येत असेल ना? चित्रकला? गिर्यारोहण?" जणू देवाने एका खिशातून काढलं तर दुसऱ्यात टाकलंच पाहिजे. आमच्याकडे एक मुलगा होता. त्याला वाचनाची अडचण होती, शिवाय हातापायांचा मेळही बसत नव्हता. बुटाची लेस नववीतही सुटलेली. किल्ल्याच्या पायऱ्यांवर घाबरला, किड्यांना घाबरला, रात्री घरची आठवण येऊन रडला. त्याला तिथे काहीही विशेष येत नव्हतं आणि मी त्याच्यात काही लपलेलं शोधायचा नाद सोडला. पुढच्या वर्षी मात्र त्यानेच नाव नोंदवलं. का येतोस म्हटलं तर म्हणाला, "हुरड्यासाठी." याहून चांगलं कारण मला कुणी दिलेलं नाही.

त्याच सुरात एक कबुली. या चालण्याने कुणाचं वाचन सुधारलं, मार्क वाढले, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या दोघींनी, फेबर टेलर आणि कुओ यांनी, २००९मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लक्ष न टिकणाऱ्या सतरा मुलांना वीस-वीस मिनिटं वेगवेगळ्या जागी चालवलं, आणि बागेत चालून आल्यावर त्यांचं लक्ष जास्त टिकलं. सतरा मुलं म्हणजे फार नव्हे. तरी मी चाचणीआधी वर्गाला मैदानातल्या लिंबांखालून एक फेरी मारायला लावतो. पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं कुठून आणू? पाच देतो. सहकारी म्हणतात, पीटीचा तास वेगळा असतो. असतो खरा, आणि तो बहुधा गणिताला दिलेला असतो.

९. गोळ्यांचा डबा तुमच्याजवळ ठेवा, निर्णय डॉक्टरांजवळ.

"मोकळ्या हवेत कशाला गोळी?" असं म्हणून एका पालकाने मुलाच्या लक्ष टिकण्यासाठीच्या दोन दिवसांच्या गोळ्या घरीच काढून ठेवल्या होत्या. मी पुन्हा घरी पाठवून आणवल्या. द्यायची की थांबवायची हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच निघण्याआधी विचारायचं. आणि लक्षात ठेवायचं की त्यांतल्या काही गोळ्यांनी दुपारची भूक मरते. त्या पोराला एक वाजता 'खा, खा' करून छळू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवावी. संध्याकाळी तो चौघांचं खातो.

१०. सरळ करायला कुणालाही नेऊ नका.

प्रसादाचं दुकान असलेले एक बाप मुलाला घेऊन आले. गुरुवारची गर्दी सोडून आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर. "गुरुजी, याला चांगला उन्हात चालवा. रडला तरी सोडू नका. सरळ करून आणा." पोरगा खाली मान घालून उभा. मी त्याला म्हटलं, तुला यायचंय का? नाही म्हणाला. नेलं नाही. बाप नाराज झाले.

अमेरिकेत 'रानातले उपचार' म्हणून मोठा धंदा उभा राहिला. तिथे आईबापांच्या संमतीने मुलांना मध्यरात्री झोपेतून उचलून नेत. काही मुलं त्या छावण्यांत दगावली. रान हे शिक्षेचं ठिकाण केलं की त्याचा व्हरांडाच होतो, नुसता मोठा. तो पोरगा पुढच्या वर्षी मित्र येतोय म्हणून आपणहून आला. दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्याला चेहरे लक्षात ठेवायची अशी सवय होती, की वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याला त्याने ओळख दिली. तुम्ही दत्तजयंतीला खडीसाखर घेतली होती, म्हणाला.

११. खरं काम सोमवारी सुरू होतं.

हे मी सगळ्यात उशिरा शिकलो आणि त्याची किंमत व्हरांड्यातल्या त्या पहिल्या पोराने मोजली. बोरीकाठी तो आमचा वाटाड्या होता. मोटारीचा पंप बंद पडलेल्या एका शेतकऱ्याला त्याने फूटव्हॉल्व्ह साफ करून पाणी चालू करून दिलं, त्याबद्दल आम्हा सगळ्यांना ऊस मिळाला. परत आल्यावर मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले, कौतुक केलं. आणि सोमवारी तो पुन्हा तिसऱ्या बाकावर, फळ्यावरची वीस ओळींची टिपणं उतरवून घेत. म्हणजे उतरवून न घेत. मी इतर शिक्षकांना सांगायला हवं होतं की याला करायचं काय. मी फक्त गोष्ट सांगितली. तेव्हा तपासणी, प्रमाणपत्र, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, यातलं मला फारसं काही माहीत नव्हतं. अध्ययन अक्षमता अपंगत्वाच्या कायद्यात आली ती २०१६ला. तोवर तो नववीला नापास होऊन शाळा सोडून गेला होता.

आता मुक्कामाहून आलो की रविवारी रात्री बसतो. प्रत्येक मुलाचा अर्धा कागद. त्यावर कौतुक लिहीत नाही, तीनच ओळी, त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी. याला एका वेळी एक सूचना द्या. हिला फळ्यावरून उतरवायला लावू नका, झेरॉक्स द्या. याचं उत्तर वहीत नसेल तर आधी तोंडी विचारा, मग शून्य द्या. काही जण कागद वाचतात, काही जण टेबलावर पेपरवेटखाली ठेवतात. गणिताच्या एका बाईंनी मागच्या वर्षी स्वतःहून विचारलं, "माझ्या वर्गातल्या त्या दोघांचा कागद नाही आला?" ती दोघं आमच्यासोबत आलीच नव्हती.

तो पोरगा सोलापूरला हायवेवर एका गॅरेजात आहे. हात चांगला आहे, मालक सोडत नाही, असं ऐकतो. त्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिक करायचं होतं, पण त्याला दहावी लागते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येईल, आता सवलतीही मिळतील, प्रमाणपत्राचं मी बघतो, असं त्याला दोन-तीनदा फोन करून सांगितलं. मागून इंजिनाचा आवाज येत असतो. कुठलं तरी वाहन दुरुस्तीला आलेलं असतं, आणि त्याचं अर्धं लक्ष तिकडे.

"बघतो सर," म्हणतो.